ब्राकचे पक्षी

पक्ष्याचें चित्र पाहून तो कावळा कीं बगळा हें सांगतां येत नसेल, तर त्यास पक्ष्याचें चित्र तरी कां म्हणावें, असा प्रश्न आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं मध्यंतरीं आम्हांस केला. समोर जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराच्या पक्ष्यांची छापील प्रत होती. "हें तर आमचा नातूहि काढील," असेंहि ते म्हणाले. प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर देण्यापूर्वीं ही जाड रेघ कोणाच्या हातची, तें पाहिलें पाहिजे.

ब्राकचा जन्म १८८२ सालचा. त्याचा बाप व आजा दोघेहि घरें रंगविण्याचा धंदा करीत, आणि ल हाव्र येथें तोहि त्याच धंद्यांत उमेदवार म्हणून शिकला. साध्या भिंतीवर लांकडाच्या रेषा किंवा संगमरवराच्या शिरा हुबेहूब उठविणें ही त्या धंद्याची एक कसोटी. ती विद्या त्यास इतकी साधली होती कीं, १९१२ सालच्या सुमारास पिकासोच्या सहवासांत घनवादाचे प्रयोग चालू असतां त्यानें लांकडाची ती नक्कल मुद्दाम चित्रांत आणिली. तेव्हां नक्कल साधत नाहीं म्हणून सोपी रेघ ओढणारा हा गृहस्थ नव्हे. त्यानें टाकिलें तें जवळ असलेलें टाकिलें.

पुढें महायुद्ध, १९१५ सालची डोक्याची जबर जखम, आणि मग दीर्घकाळ मेज, फळें, वाद्यें यांचीं चित्रें. पक्षी ठळकपणें आले ते उतारवयांत. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत दुसऱ्या हेन्री राजाच्या नांवाचें एक दालन आहे. त्याचें छत सोळाव्या शतकांतील कोरीव लांकडाचें. त्या छतांतील फलक रंगविण्याचें काम ब्राककडे आलें व १९५३ सालीं तें पुरें झालें. निळ्या पार्श्वभूमीवर काळे पक्षी, व त्यांच्या भोंवतीं रुंद पांढरी कड. एवढ्या जुन्या वास्तूंत असली नवी चित्रें पाहून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडल्या. परंतु हें छत मान वर करून, दुरून पाहावयाचें. शेजारीं दाट नक्षी. पीस न् पीस रंगविलेला पक्षी तेथें त्या नक्षींत बुडूनच गेला असता! घर रंगविणाऱ्याच्या मुलास हें कोणीं सांगावयास नको होतें.

शिवाय उडत्या पक्ष्याचें आपण तरी काय पाहतों? पंखांचा पसारा, मानेचा ताण, आणि दिशा. बाकीचें आपण आपल्या माहितींतून भरून घेतों. १९५५ सालीं दक्षिण फ्रान्समधील कामार्गच्या दलदलींत ब्राकनें मोठे पाणपक्षी पाहिले. 'पक्षी आणि त्याचें घरटें' हें त्याचें चित्र त्याच सुमाराचें. त्यांतील लांब मानेच्या पक्ष्याची जात विचारावी असें आम्हांस वाटत नाहीं. पैठणीच्या पदरावरील मुनियेची जात तरी कोण विचारतो?

तथापि आमच्या स्नेह्यांचें म्हणणें सर्वस्वीं फेटाळावें असेंहि नाहीं. ब्राकच्या आराखड्यांवरून पुढें सोन्यारत्नांचे दागिने घडविण्यांत आले व १९६३ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं, पॅरिसमध्यें त्यांचें प्रदर्शन झालें. ज्या रेघेस छताएवढें अंतर हवें, ती बोटाएवढ्या जागेंत आली कीं नुसता घाट उरतो. त्या दागिन्यांतील पक्षी आम्हांस उडतांना दिसत नाहींत.