धोटा

यंत्र आलं की जात जाते, असं आपल्या बैठकांत फार ऐकायला मिळतं. शिकलेले दोस्त तर छातीठोक सांगतात. म्हणणं जुनंच आहे. १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच वर्षी, कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं, की रेल्वेमागोमाग कारखाने येतील, पिढीजात कामाची वाटणी मोडतील, आणि त्या वाटणीवर उभी असलेली जात ढासळेल. माणूस मोठा. पण लंडनात बसून त्याला धोट्याची जात दिसणं शक्य नव्हतं.

हल्लीच्या पोरांनी धोटा पाहिलेला नसतो म्हणून सांगतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, होडीसारखा आकार. पोटात सुताची कांडी. उभ्या ताण्यातून हा इकडून तिकडं धावतो आणि आडवा धागा टाकतो. मुंबईच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणायचे. कांडी काही मिनिटांत संपे. विणकर साचा थांबवणार, नवी कांडी बसवणार, आणि धोट्याच्या अंगाला जे बारीक भोक असतं त्याला तोंड लावून श्वास आत ओढणार. सूत सुर्रकन भोकातून बाहेर. सुताबरोबर कापसाचा कचरा घशात. दिवसभर हेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला.

इथंच घोडं अडलं. महाराने ओठ लावलेला धोटा आम्ही तोंडात धरणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणाला. झालं. साचाखाता आपल्याला बंद. गिरणीत चांगला पगार होता तो विणकराला. आपल्या वाट्याला रिंगखाता आणि झाडलोट. माझा पणजा सातारकडून मुंबईला आला तो रिंगखात्यात लागला. आजा त्याच खात्यात बदली म्हणून राहिला, १९८२ च्या संपापर्यंत. मास्तर जसं शाळेत बसायची जागा दाखवायचा, तसं गिरणीनं खातं दाखवलं.

आता कुणी म्हणेल, तुमच्या लोकांना विणकाम येत नसेल. नागपूर-विदर्भाकडं आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणलंय. गुजरातेत तर अस्पृश्यांतली एक अख्खी जातच वणकर नावाची आहे. वणकर म्हणजे विणकर! अहमदाबादेत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा या विणकरांना सूतकताईत ढकललं आणि विणायला दुसरे घेतले. म्हणजे मार्क्सचं अर्धं खरं झालं. गिरणीनं पिढीजात धंदा मोडला. जात मात्र जशीच्या तशी ठेवली, नव्या खात्यात नेऊन बसवली.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, ऑक्टोबरपर्यंत चालला. लालबावटा तेव्हा जोरात. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं : अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम, ही मागणी घेता का नाही? घेणार नसाल तर माझ्या लोकांना मी संपात येऊ देणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घेतली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. म्हणजे मालक बोट दाखवणार कामगाराकडं, कामगार बोट दाखवणार धर्माकडं, आणि कामगारांच्या एकीची घोषणा आपल्याही तोंडी. मला हा संपाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो.

मालकांचं म्हणणं खोटं होतं हे मात्र यंत्राच्याच इतिहासावरून दाखवता येतं. तोंड न लावता सूत ओवायची सोय निघालेली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होपडेलच्या ड्रेपर कारखान्याने १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रॉपचा माग बाजारात आणला. त्यात कांडी संपली की यंत्रच नवी भरायचं आणि सूत आपोआप ओवलं जायचं. त्याच राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी घातली. कारण काय, तर क्षयाची भीती. तिकडं थुंकीत रोग पाहिला, इकडं थुंकीत जात पाहिली. आमच्या मालकांना ते माग महाग आणि माणूस स्वस्त. लँकेशायरचे साधे साचे चालूच राहिले. एका भोकावरून हजारो घरांचा पगार ठरला, आणि ते भोक बुजवायचं यंत्र बोटीनं आणता येण्याजोगं होतं.

रेल्वेचंही तेच. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी तिथं सांगितले, तेवढं आपल्याला पाठ असतं. पण त्याच भाषणात साधा हिशेबही आहे : अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन का? पोर्टरसुद्धा का होत नाही? कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो, आणि घरात महार चालत नाही. मार्क्सची रेल्वे ती हीच.

मी इचलकरंजीत एअरजेट मागावर आहे. धोटा नाही, दाबलेल्या हवेचा झोत धागा फेकतो. तोंड लावायचा प्रश्नच गेला. कुठल्या मागावर कोण, हे इथं जातीवरून ठरत नाही, हे कबूल केलं पाहिजे. शेजारच्या मागावरचा जोडीदार माझ्या डब्यातलं खातो. खोली भाड्यानं बघायला गेलं की मात्र आडनाव विचारतात.

आणि गटारात उतरणारा? मैला हातानं उपसायला १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. उपसायची यंत्रं आहेत. तरी माणूस उतरतो, गुदमरून मरतो, आणि तो कुठल्या वस्तीतला हे सांगायला नको. मालकांचा १९२८ चा जबाब इथंही ऐकू येतो. अन्याय आहे, पण आमचा नव्हे.

तेव्हा यंत्राबद्दल बोलताना मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात : ते कोण विकत घेतो आणि त्याच्यापुढं कुणाला उभं करतो.

ज्यांच्या घरात मुंबईच्या गिरणीतलं जुनं माणूस हयात आहे त्यांनी एक काम करा. कुठलं खातं होतं, साच्यावर पहिला आपला माणूस कधी चढला, तेव्हा खात्यात काय झालं, पाण्याचा माठ एक होता का दोन, एवढं विचारून लिहून काढा आणि संपादकांकडं पाठवा. पानभर झालं तरी चालेल. ही माणसं आता थोडीच उरलीत.