दट्ट्या आणि नळकांडें : एका मोटारयंत्राचा पाठशोध

१. ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे आपणां संशोधकांच्या डोळ्यांपुढें बखरी, महजर, ताम्रपट आणि नाणीं हींच उभीं राहतात. लोखंडी यंत्र हेंहि एक साधन असून त्यांत मूळ पाठ, प्रक्षेप आणि अपपाठ आढळतात, इतकेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे. निमित्त असें घडलें. ता. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या महापुरांत महाड शहर बुडालें. त्यांत माझ्या भाच्याची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार दोन दिवस पाण्यांत राहिली. तुडीलास आणल्यावर ती भंगारांत द्यावी असें घरांतील बहुतेकांचें मत पडलें. ती त्याच्या वडिलांची एकुलती आठवण असल्यामुळें, यंत्र उघडून मापें घेतल्यावांचून निर्णय करूं नये, असा आग्रह मीं धरिला.

२. ही गाडी कुर्ल्याची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली व पुढें इटलीच्या फियाट ११०० या जातीच्या गाड्या तिनें घडविल्या. मुंबईच्या टॅक्सींत या गाडीनें कित्येक दशकें काढिलीं. तेथील तिची टॅक्सी म्हणून सेवा ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. यंत्रास चार नळकांडीं असून प्रत्येकाचा मूळ व्यास ६८ व दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर आहे. म्हणजे एका धांवेंत दट्ट्या सुमारें २७२·४ घन सेंटिमीटर जागा व्यापितो.

३. असें यंत्र पुन्हां जुळवितांना दोन मापें मुख्य. पहिलें दट्ट्या व नळकांडें यांमधील मोकळीक. दुसरें कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे दट्ट्या तळाशीं असतां वरची एकंदर जागा ही तो माथ्याशीं असतां उरणाऱ्या जागेच्या किती पट, तें प्रमाण.

पहिल्या मापाचा वंश तोफेकडे जातो. गोळा नळींत सुखानें उतरावा म्हणून तो किंचित् लहान ठेवीत. परंतु मोकळीक फार झाली कीं दारूचा जोर कडेनें वायां जाई. बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ सालीं छापलेल्या तोफविद्येच्या ग्रंथांत या विषयाची शास्त्रीय बैठक घातली. हाच गृहस्थ पुढें कंपनी सरकारच्या चाकरींत येऊन १७५१ मध्यें मद्रासच्या किनाऱ्यावर वारला. महादजी शिंदे यांच्या तोफा आग्र्यास सँग्स्टर नामक स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं ओतल्या जात. त्यांसहि हाच नियम लागू होता.

तोफेची नळी कोरण्याच्या कलेंतूनच वाफेचें यंत्र सुधारलें. न्यूकोमेनच्या १७१२ च्या यंत्रांत दट्ट्यास कातडें लावून वर पाणी ठेवीत, तेव्हां नळकांडें ओबडधोबड असलें तरी चाले. वॉटच्या यंत्रांत पाण्याची सोय उरली नाहीं. विल्किन्सन यानें १७७४ मध्यें तोफा कोरण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें व १७७५ मध्यें दोन्ही टोंकांस आधार असलेल्या दांड्यावर नळकांडीं कोरण्याचें यंत्र उभारिलें. पन्नास इंची नळकांड्यांतहि जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढा फरक पडत नाहीं, असें प्रशस्तिपत्र बोल्टन यानें त्यास दिलें. आज हीच गोष्ट मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात.

दुसरें माप अर्वाचीन. लेन्वार याच्या १८६० च्या गॅसयंत्रांत मिश्रण पेटण्यापूर्वीं दाबले जात नसे. तें आधीं दाबावें हें तत्त्व बो द रोशा यानें १८६२ मध्यें मांडिलें व ओटो यानें १८७६ मध्यें चार धांवांच्या यंत्रांत तें सिद्ध करून दाखविलें. शुद्ध हवेच्या हिशेबानें हें प्रमाण ४ असतां उष्णतेपैकीं सुमारें ४३ टक्के, तर ८ असतां सुमारें ५६ टक्के कार्यांत येऊं शकते. मात्र दाब अतिशय वाढला म्हणजे पेट्रोल अवेळीं भडकून यंत्र ठोके देऊं लागतें. तें टाळण्यासाठीं मिजली याच्या १९२१ च्या शोधानंतर पेट्रोलांत शिसें घालूं लागले. आपल्या देशांत तें १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र बंद झालें.

४. आतां आमच्या यंत्राकडे वळूं. "याचें इंजिन कधींच उघडलें नाहीं," अशी घरांतील परंपरा. महाडच्या मिस्त्रींनीं दट्ट्याचा माथा पुसतांच त्यावर ०·४ असा छाप निघाला. नळकांडीं पूर्वीं एकवार मोठीं केल्याचा हा लेखी पुरावा. परंपरा अप्रमाण ठरली. नळकांडें वरच्या कडेजवळ ६८·५५ व तळाशीं ६८·४२ भरलें, म्हणजे झीज वरच अधिक. चौथ्यांत पुराच्या पाण्याने गंजाचे खोल खड्डे पडले होते. तेथें नवें अस्तर ठोकावें लागलें.

नवे दट्ट्ये ०·६ चे आणिले. दट्ट्या आधीं मोजावा व मग त्याच्या बेतानें नळकांडें कोरावें, हा मिस्त्रींचा क्रम मला फार पटला. दट्ट्या सर्वत्र सारखा गोल नसतो. तो मुद्दाम किंचित् लंबगोल घांसलेला असतो, म्हणून आडव्या पिनेच्या काटकोनांत, खालच्या अंगास, दट्ट्ये करणारा सांगेल त्याच उंचीवर माप घ्यावें. तेथें ६८·५५ भरलें. सोबतच्या चिठ्ठीप्रमाणें ०·०५ मोकळीक ठेवून नळकांडीं ६८·६० केलीं. याहून घट्ट बसविण्याचा मोह घातक आहे. दोहोंचें तापमान १०० अंशांनीं चढलें तर या व्यासाचा अॅल्युमिनियमचा दट्ट्या सुमारें ०·१६ वाढतो, ओतीव लोखंड मात्र ०·०७ च. दट्ट्याच्या घडणींत याची तजवीज असते. तरीहि ठरलेली मोकळीक न ठेवल्यास दट्ट्या चालतां चालतां अडकतो.

५. खरा प्रक्षेप निराळ्याच ठिकाणीं सांपडला. पुरापूर्वीं ही गाडी आंबेनळी घाट चढतांना ठोके देई. दोष पेट्रोलाचा, असें सर्व म्हणत. मिस्त्रींनीं हेडवर कांच ठेवून बारीक नळीनें पातळ तेल ओतून खळगा मोजिला. गास्केटसह वरची जागा ३६ घन सेंटिमीटर निघाली. मग, दोन पोथ्या ताडून पाहाव्या त्याप्रमाणें, त्याच जातीचें दुसरें हेड मिळवून मोजिलें; तें ४२ भरलें. आमचें हेड पूर्वीं कोणी तरी बरेंच घांसलें होतें. कोणी व केव्हां, याची नोंद कोठेंच नाहीं.

हिशेब पाहावा. दुसरें हेड व मूळ व्यास धरतां प्रमाण ७·४९ येतें. नळकांडें ६८·६० केल्यानें तें केवळ ७·६० होतें. परंतु आमचें घांसलेलें हेड त्यावर ठेवितां तें एकदम ८·७० वर जातें. नळकांडें कोरण्याकडे सर्वांचें लक्ष असतें, हेडकडे कोणाचें नसतें. आणि अपपाठ तेथेंच शिरतो. दुसरें हेड सपाट व निर्दोष असल्याची खात्री करून तेंच बसविलें. गाडी घाट चढली. ठोके ऐकूं आले नाहींत.

६. जुनें हेड टाकिलें नाहीं. त्यास वरील मापांची चिठ्ठी बांधून तें माडीवर ठेविलें आहे. जुनीं यंत्रें जतन करणाऱ्या गृहस्थांस एवढीच विनंती कीं, प्रत्येक कोरणी व प्रत्येक घांसणी तारखेसह लिहून यंत्राबरोबर ठेवावी. पोथीची नक्कल करणारा शेवटीं शक व तिथि घालतो. यंत्राच्या कारागिरानेंहि तेवढें केलें, तर पुढच्यांस परंपरेवर विसंबावें लागणार नाहीं.