स्थानभ्रष्टांची कैफियत

बदलीचा हुकूम हाती पडला की त्यामागचे कारण शोधण्याचा नाद आम्हां नोकरदारांस लागतोच. कोणाची नाराजी ओढवली, गोपनीय अहवालात कोणी काय लिहिले, की केवळ रिकामी जागा भरावयाची होती? उत्तर बहुधा मिळत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत हाच अनुभव एका निराळ्या वर्गाच्या वाट्यास आला आहे, तो म्हणजे संकेतस्थळे चालविणाऱ्यांच्या. शोधयंत्राच्या यादीत काल पहिल्या पानावर असलेले नाव आज कोठेतरी तळाशी जाऊन पडते, गिऱ्हाईक येईनासे होते, आणि का म्हणून विचारावे तर दाद लागत नाही. अशा प्रसंगी ह्या मंडळींनी काय केले, ह्याचा इतिहास थोडक्या वर्षांचा असला तरी पाहण्यासारखा आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगलची स्थापना केली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने दुवा देतात, व दुवा देणारी ती पाने स्वतः किती वजनदार आहेत, ह्यावरून त्याची योग्यता ठरवावयाची, ही त्यांची मूळ कल्पना. विद्वानांच्या लेखनात ज्याचा उल्लेख वारंवार येतो तो ग्रंथ प्रमाण मानावा, त्यातलाच हा प्रकार. परंतु उल्लेखाला मोल आले तसा उल्लेखांचा बाजारही भरला. दुवे विकले जाऊ लागले, आणि तो बाजार उठविण्यासाठी गूगलला आपले नियम पुन्हा पुन्हा बदलावे लागले.

ओक्लाहोमा येथील सर्चकिंग ही कंपनी अशाच दुव्यांच्या जाहिरातींची दलाली करी. २००२ साली तिची गुणसंख्या एकाएकी घसरली, तेव्हा ती कोर्टाची पायरी चढली. गुणसंख्या हे गूगलचे मत होय, आणि मत व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्यास अमेरिकेच्या राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे सांगून न्यायालयाने २००३ मध्ये तिचा दावा फेटाळला. निकाल कायद्याला धरून असेल. तथापि ज्या मतावर इतक्या दुकानांची चूल पेटते, ते नुसते मत राहते काय, ही शंका आमच्या मनातून जात नाही.

प्रत्येक कैफियत खरी असते असेही नव्हे. जे. सी. पेनी ह्या जुन्या अमेरिकन दुकानांच्या बाजूने दोन हजारांवर पानांत बनावट दुवे पेरलेले आहेत, हे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीस आणले. प्रवासी बॅगांच्या एका शोधात सायंकाळी सात वाजता पहिले असलेले पेनीचे नाव दोन तासांनी एकाहत्तरावे झाले! कंपनीने आपल्या सल्लागारांस रजा दिली. येथे रोगही उघड होता आणि औषधही.

मेटाफिल्टरचे तसे नव्हते. १९९९ पासून चालत आलेले हे चर्चास्थळ सभ्य आणि नीटनेटके. पगारी नियंत्रक ठेवून तेथील बोलणे ताळ्यावर राखले जाई. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याची वाचकसंख्या सुमारे ४० टक्क्यांनी घसरली, व जाहिरातींचे उत्पन्न आटत गेले. दोष शोधून सापडेना. उलट, गूगलच्या धाकाने इतर स्थळांचे चालकच पत्रे लिहून, आमच्याकडे येणारे तुमचे दुवे काढून टाका, अशी विनवणी करू लागले. वर्षानुवर्षे जे दुवे वाचकांनी आपखुशीने दिले होते, त्यांचीच आता लाज वाटू लागली होती. शेवटी मे २०१४ मध्ये संस्थापकांनी सारा हिशेब सभासदांपुढे मांडला आणि काही नियंत्रकांस निरोप द्यावा लागत असल्याचे सांगितले. सभासदांनी वर्गणीचे पैसे पाठविण्यास आरंभ केला, आणि स्थळ तगले. पुढच्याच महिन्यात, हे स्थळ चांगल्या दर्जाचे असूनही नियमबदलात सापडले, अशी कबुली गूगलच्या अधिकाऱ्याने दिली.

अ‍ॅडम व शिवॉन रॅफ ह्या ब्रिटिश दांपत्याने चांगल्या नोकऱ्या सोडून २००६ साली फाउंडेम हे किमतींची तुलना करणारे स्थळ काढले. थोड्याच दिवसांत गूगलच्या यादीत ते खाली फेकले गेले. काहीतरी चूक झाली असेल, योग्य ठिकाणी कळविले की दुरुस्त होईल, असे त्यांना प्रथम वाटले. (अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकास प्रथम असेच वाटते.) मग त्यांनी इतर शोधयंत्रांत पाहिले, तर तेथे स्थान जागच्या जागी! दोष आपल्या स्थळात नाही, एवढे त्यावरून निश्चित झाले. २००९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. स्वतःच्या तुलनासेवेस वरचे स्थान देऊन प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलल्याबद्दल आयोगाने २७ जून २०१७ रोजी गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला, आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. फाउंडेम २०१६ मध्येच बंद पडले होते.