रिटर्न ऑफ द ओब्रा डिन

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हा अमेरिकन गेम रचनाकार लुकास पोप यांनी तयार केलेला रहस्यप्रधान व्हिडिओ गेम आहे. तो १८ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज व मॅकओएस या संगणक प्रणालींसाठी प्रकाशित झाला. पुढील वर्षी तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विच यांवरही उपलब्ध झाला. एका निर्मनुष्य जहाजावरील ६० व्यक्तींचे काय झाले, हे शोधून काढणे हे खेळाडूचे काम असते. कथा समजून घेणे आणि कोडे सोडवणे या दोन क्रिया येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे या गेमचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

कथानक

ओब्रा डिन हे काल्पनिक व्यापारी जहाज १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघते. ते केप ऑफ गुड होप येथे ठरल्या वेळी न पोहोचल्याने बुडाले असे मानले जाते. १४ ऑक्टोबर १८०७ रोजी तेच जहाज इंग्लंडमधील फालमथ बंदरात वाहत येते. त्यावर एकही जिवंत माणूस दिसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयातर्फे विम्याची चौकशी करणारा अधिकारी जहाजावर जातो. खेळाडू याच अधिकाऱ्याच्या भूमिकेत असतो. जहाजाच्या नामावलीत इंग्रजांबरोबरच भारतीय, चिनी, रशियन अशा विविध देशांचे लोक आहेत.

खेळाचे स्वरूप

चौकशी अधिकाऱ्याजवळ खिशात ठेवण्याचे एक अद्भुत घड्याळ असते. ते मृतदेहाजवळ उघडले की मृत्यूपूर्वीचे काही संवाद व आवाज ऐकू येतात आणि नंतर मृत्यूचा नेमका क्षण स्तब्ध दृश्याच्या रूपाने समोर उभा राहतो. खेळाडूला त्या दृश्यात हिंडून निरीक्षण करता येते. मात्र कोणालाही प्रश्न विचारता येत नाही आणि घटनाक्रमही बदलता येत नाही. सोबतच्या वहीत जहाजाचा नकाशा, नामावली आणि प्रवाशांची रेखाचित्रे असतात. प्रत्येक चेहऱ्यापुढे त्या व्यक्तीचे नाव, तिची गत आणि कोणी मारले असल्यास मारणाऱ्याचे नाव नोंदवायचे असते. काही व्यक्ती जिवंत निसटल्याचेही आढळते.

कथा व कोडी यांचा मेळ

रहस्यप्रधान गेममध्ये कथा व कोडी यांची सांगड घालणे अवघड असते. द सेव्हन्थ गेस्ट (१९९३) या गेममधील अनेक कोडी कथेशी फारशी संबंधित नाहीत. कोडे सुटेपर्यंत कथा थांबून राहते. याउलट हर स्टोरी (२०१५) मध्ये खेळाडू ध्वनिचित्रफिती शोधत कथा जुळवतो, परंतु त्याचा निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे गेम तपासत नाही.

ओब्रा डिनमध्ये निष्कर्ष तपासला जातो, पण लगेच नाही. तीन व्यक्तींच्या नोंदी अचूक झाल्यावरच त्या एकत्रितपणे कायम केल्या जातात. त्यामुळे एकेक नाव बदलून पाहत उत्तर गाठणे कठीण होते आणि पुरावा वाचणे भाग पडते. पुरावा कथेतच दडलेला असतो. उदाहरणार्थ, कप्तान आपल्या मृत पत्नीजवळ तिच्या भावाला मारल्याचे बोलतो; नामावलीत पत्नीचे माहेरचे आडनाव पाहिले की तो भाऊ म्हणजे कप्तानाचा पहिला सहायक अधिकारी होता, हे उमगते. अन्यत्र खलाशांच्या झुलत्या बिछान्यांवरील क्रमांक नामावलीतील क्रमांकांशी जुळतात. बोलण्याची ढब, पोशाख, हुद्दा आणि कोण कोणासोबत वावरतो हेही पुरावेच ठरतात.

घटना कालक्रमाने उलगडत नाहीत. आरंभी कप्तानाचे अखेरचे क्षण दिसतात आणि त्यामागील कारणे नंतर कळत जातात. वहीतील एक प्रकरण शेवटपर्यंत बंद राहते. उरलेल्या सर्व व्यक्तींची गत अचूक नोंदवली तरच ते उघडते. शेवटी कंपनी त्या नोंदींच्या आधारे काहींच्या वारसांना भरपाई देते, तर काहींना दंड ठोठावते. म्हणजेच चुकीच्या नोंदीचा परिणाम मृतांच्या कुटुंबांवर होतो.

मर्यादा

तीनच्या नियमामुळे अंदाजाला पूर्ण आळा बसत नाही. दोन नोंदींची खात्री असल्यास तिसरे नाव आलटूनपालटून तपासता येते. तसेच एकदा रहस्य उलगडल्यावर तोच गेम पुन्हा खेळताना शोधाचा अनुभव मिळत नाही.

निर्मिती

पेपर्स, प्लीज (२०१३) या गेमनंतर पोप यांनी चार वर्षांहून अधिक काळ या गेमवर काम केले. कार्यक्रमण, चित्रे, लेखन व संगीत त्यांनी स्वतः केले. संवादांना मात्र इतर कलाकारांनी आवाज दिले. जुन्या मॅकिंटॉश संगणकांच्या धर्तीवर पडद्यावर केवळ दोन रंगछटा वापरल्या आहेत. त्यासाठी युनिटी हे इंजिन वापरले गेले.

पुरस्कार

द गेम अवॉर्ड्स २०१८ मध्ये या गेमला सर्वोत्कृष्ट कला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे शेमस मॅकनॅली महापारितोषिक आणि कथनासाठीचे पारितोषिक, तसेच कलात्मक कामगिरी व गेम रचना यांसाठीचे बाफ्टा पुरस्कार त्याने पटकावले.