दिनविशेष : २१ नोव्हेंबर
१९४६ : विल्यम वायलर यांचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रथम प्रदर्शित झाला. महायुद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते. विजयाच्या त्या वातावरणात वायलर यांनी घरी परतलेल्या तीन सैनिकांची घुसमट पडद्यावर आणली, हे मोठेच धाडस. युद्धकाळात ते स्वतः बॉम्बफेकी विमानांतून चित्रीकरण करत होते; त्यात त्यांची श्रवणशक्ती अधू झाली.

फ्रेड हा त्या तिघांतला हवाई दलातला कॅप्टन. रात्री तो जळत्या विमानाच्या स्वप्नाने किंचाळत उठतो. भंगारात काढलेल्या विमानाच्या नाकाडात तो घामाने डबडबून बसतो, ते दृश्य आजही अंगावर येते. तिथे एकही विमान उडत नाही. इंजिनांची घरघर फक्त संगीतातून उठते. प्रशिक्षणातील स्फोटात दोन्ही हात गमावलेले हॅरॉल्ड रसेल यांनी तिघांतला दुसरा सैनिक होमर साकारला आणि एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळवले. फ्रेडच्या व्यथेला ‘पीटीएसडी’ (आघातोत्तर तणाव विकार) हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत मिळाले ते १९८० मध्ये.