रेशनचा गहू आणि वॉशिंग्टनचे राजकारण

परराष्ट्रधोरण हा विषय काढला की आमच्या युनियनच्या सभेतले निम्मे लोक उठून चहा प्यावयास जातात. ते दिल्लीचे काम, आपला पगाराशी संबंध, अशी त्यांची समजूत. ही समजूत खरी असती तर आम्हीही त्यांच्याबरोबर चहाला गेलो असतो. परंतु ज्या पिशवीतून या उपनगरांतील माणसाने वीसेक वर्षे घरी गहू नेला, त्या पिशवीची एक दोरी वॉशिंग्टनमध्ये बांधलेली होती. तो इतिहास आज येथे मांडावयाचा आहे.

मुंबईत रेशनिंग आले ते १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या धान्याचे कोठार रितेच होते. फाळणीने पश्चिम पंजाबचा गहू पलीकडे गेला. १९५१ साली भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. मागणी साधी, पण तिच्यावर अमेरिकन काँग्रेसात महिनेच्या महिने काथ्याकूट झाला. कोरियाच्या युद्धात नेहरू आपल्या बाजूस उभे राहत नाहीत, मग त्यांना गहू का द्यावा, असा काही सभासदांचा सवाल होता. धान्याच्या बदल्यात अणुसंशोधनास उपयोगी पडणारी मोनाझाइटसारखी खनिजे मागावीत, असाही सूर निघाला. अखेर जून १९५१ मध्ये एकोणीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. भुकेल्याच्या ताटाशेजारी राजकारण मांडून बसण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

पुढे १९५४ च्या जुलैत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्यावर सही केली. हाच तो आपल्या बोलीतला 'पी. एल. चारशेऐंशी'. अमेरिकेच्या शेतकऱ्याने पिकविलेला आणि सरकारने हमीभावाने घेतलेला गहू कोठारांत साठून राहिला होता. त्याला गिऱ्हाईक हवे होते, आणि ज्याला गहू द्यावयाचा तो देश कम्युनिस्टांच्या पंगतीला जाऊ नये, हीही इच्छा होती. केवळ परोपकार म्हणून हा कायदा झाला असे म्हणणे भाबडेपणाचे, आणि केवळ कपट म्हणून झाला असे म्हणणेही आमच्या मते अन्यायाचे ठरेल. त्या गव्हाने माणसे जगली, हे विसरता येत नाही.

भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. दुसरा मोठा करार ४ मे १९६० रोजी झाला : चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. वॉशिंग्टनला जाऊन त्यावर सही करणारे अन्नमंत्री होते आपल्या मुंबईचे स. का. पाटील. किंमत रुपयांत द्यावयाची होती, डॉलर नव्हे, आणि परकीय चलनाच्या टंचाईत ही सवलत मोठीच. म्हणून दिल्लीला हायसे वाटले. पण स्वस्त धान्य घरपोच मिळू लागले की पाटबंधाऱ्यांची घाई कोणाला राहते? येथील शेतकऱ्याच्या गव्हाला भाव कोण देतो? आणि आम्हां कामगार चळवळीच्या माणसांना आणखी एक गोष्ट दिसते. धान्याचा भाव दाबून ठेवला की महागाईचा निर्देशांक दबतो, आणि निर्देशांक दबला की महागाई भत्ताही दबतो. स्वस्त गव्हाचा लाभ घाटकोपर-मुलुंडच्या कामगाराला झाला तसा त्याच्या मालकालाही झाला. कोणाला किती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

खरी परीक्षा झाली ती १९६५ साली. करार जूनमध्ये संपला आणि त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. १९६४-६५ मध्ये धान्याचे उत्पादन सुमारे आठ कोटी नव्वद लाख टन होते, ते पुढील वर्षी सात कोटी वीस लाखांवर घसरले. नेमक्या याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करण्याचे नाकारले. गहू मिळेल, पण महिन्या-दोन महिन्यांपुरता. पुढचा हप्ता तुमची वागणूक पाहून. जनावराला आखूड दाव्याने बांधावे तसा हा प्रकार. शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडावयास सांगितले ते याच वर्षी, आणि पुष्कळांनी ते खरोखरच सोडले.

जॉन्सन यांचे म्हणणे सरळ होते : भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, खतांच्या धंद्यात परकी भांडवलाला मोकळीक द्यावी. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री सुब्रह्मण्यम् आणि अमेरिकेचे कृषिमंत्री फ्रीमन यांच्यात याविषयी गुपचूप करार झाला. शेतीसंबंधीच्या त्यातील काही गोष्टी हिताच्या होत्या, आणि सुब्रह्मण्यम् यांना त्या स्वतःलाही हव्या होत्या. पण वागणुकीत व्हिएतनामही आला. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला जाऊन आल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. त्याबदल्यात जी मदत अपेक्षित होती ती पुरती पदरात पडली नाही. जूनअखेर अमेरिकेने हनोई-हायफाँगजवळच्या तेलसाठ्यांवर बाँब टाकले, भारताने निषेधाचा शब्द उच्चारला, जुलैत मॉस्कोच्या संयुक्त पत्रकावर सही केली, आणि जॉन्सनसाहेबांचा पारा चढला. गव्हाची जहाजे पुन्हा रखडू लागली. त्या १९६६ सालात देशाने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भारतात आला. बंदरात जहाज लागावे आणि गहू थेट तोंडात जावा, अशी स्थिती. कोकणातून आलेला भातखाऊ गिरणीकामगार तो तांबूस गहू दळून पोळी खावयास शिकला, पण पुढच्या पंधरवड्याचा गहू एका परक्या अध्यक्षाच्या मर्जीवर आहे, हे त्याला रेशनच्या दुकानदाराने सांगितले नव्हते.

पुढल्याच वर्षी, १९६७ च्या निवडणुकीत, दक्षिण मुंबईत स. का. पाटील पडले. त्यांना पाडले जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्याने. गव्हामुळेच पाडले असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. तथापि महागाईचा त्यात हात नव्हता असेही कोणी म्हणू नये.

येथे गाजर गवताविषयी एक शब्द. ते अमेरिकेच्या गव्हातून आले, असे सर्वत्र बोलले जाते. पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास झाली, आणि पी. एल. ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. तारखा जुळत नाहीत. कदाचित १९५१ च्या धान्याबरोबर आले असेल. महासत्तेच्या माथी मारावयास खरी पापे पुरेशी आहेत, गवत तपासून मारावे.

दुसरी महासत्ता धुतल्या तांदळासारखी होती, असेही नाही. पवईच्या आय. आय. टी.ला १९५८ पासून युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य मिळाले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण १९७२ साली काय झाले पाहा. रशियाचे पीक बुडाले, त्याने अमेरिकेच्याच बाजारातून गुपचूप प्रचंड गहू उचलला, आणि जगातले भाव कडाडले. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता. दुष्काळी कामांवर सुकडी, रेशनवर 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी, आणि गोरेगावच्या मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या हजारो बायका! पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, रशियाने भारताला वीस लाख टन गहू उसना दिला. उसनवारी मैत्रीची होती खरी. पण बाजारभाव चढविण्यात मित्राचाही वाटा होता.

गव्हाच्या दाव्यातून सुटका झाली ती मुख्यतः शेतात. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणे आणले गेले, आणि १९६४-६५ चे सव्वा कोटी टनांच्या आसपासचे गव्हाचे पीक १९६७-६८ मध्ये एक कोटी पासष्ट लाखांवर गेले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात अमेरिकेने मदत थांबविली व आरमार बंगालच्या उपसागरात पाठविले, तेव्हा दावे ओढावयास दिल्लीच्या गळ्यात ते उरलेच नव्हते. साठलेल्या रुपयांपैकी सोळाशे चौसष्ट कोटींचा धनादेश अमेरिकेच्या राजदूताने फेब्रुवारी १९७४ मध्ये भारताला परत दिला.

तेलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाले. १९६० साली रशियाने कच्चे तेल स्वस्त दरात, रुपयांत देऊ केले. कारखाने आमच्या भूमीवर, मजूर चेंबूर-कुर्ल्याचे. पण परकी कंपन्यांनी ते तेल गाळण्यास नकार दिला, आणि करारात त्यांना तसे म्हणण्याची सोय होती. हे कारखाने सरकारच्या हाती आले १९७४ व १९७६ साली.

आणि ऑगस्ट १९२५ नव्हे, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने पुन्हा रशियन तेलाचाच प्रश्न काढला. ते विकत घेतल्याबद्दल भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा जकात लावली, आधीची पंचवीस धरून पन्नास. या वेळी घाव तुर्भ्यावर नव्हे, अंधेरीच्या सीप्झवर पडला. १९७३ साली उभ्या राहिलेल्या त्या आवारात हिरे जडविणारे, सोने घडविणारे कारागीर काम करतात, आणि त्यांच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. रशियाचा एक थेंबही त्यांनी विकत घेतला नव्हता. ऑर्डर घटली की पहिली कात्री ओव्हरटाइमला लागते, मग कंत्राटी माणसाला. पक्क्या नोकरीचा माणूस शेवटी. आमच्या सभेत त्या दिवसांत चहाला कोणी उठले नाही.