‘सर्व विकले गेले’ : नानजिंग, १७११

इ.स. १७११. चीनमधील नानजिंग नगरात च्यांगनानच्या प्रांतिक परीक्षेचा निकाल लागला आणि संतप्त परीक्षार्थींनी धनदेवतेची मूर्ती उचलून थेट कन्फ्यूशियसच्या मंदिरात नेली. परीक्षागृहाच्या पाटीवर ‘गोंग-युआन’, म्हणजे परीक्षागृह, अशी दोन चिन्हे होती. दुसऱ्याचा डावा भाग झाकला गेला, पहिल्यात काही रेघा वाढल्या. पाटी आता ‘माय-वान’ अशी वाचली जाऊ लागली : सर्व विकले गेले!

उत्तीर्णांच्या यादीत यांगचौच्या धनाढ्य मीठ-व्यापाऱ्यांच्या घरची नावे डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्यांतील काहींची विद्वत्ता कोणी कधी ऐकली नव्हती.

वस्तुतः अशी विक्री अशक्य व्हावी म्हणून सोंग राजवटीपासूनच कडेकोट व्यवस्था होती. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकले जाई. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिक ती संपूर्ण उतरवून काढत. परीक्षार्थींची शाई काळी, नकलेची तांबडी. परीक्षकाच्या हाती केवळ नक्कल पडे. मात्र नकलेत शब्द तेच राहतात. निबंधात ठरावीक जागी ठरावीक शब्द योजायचे, एवढा संकेत आधीच झाला असेल, तर हस्ताक्षराची गरजच काय? लाचेचा सारा व्यवहार याच फटीतून चाले.

चौकशी सुरू झाली आणि प्रकरण वर सरकले. प्रांतपाल झांग बोशिंग याने महाप्रांतपाल गाली याच्यावर पाच लाख ताएल चांदी घेतल्याचा आरोप केला. गालीने उलट झांगवरच दोषारोप ठेवले. सम्राट कांग्शीने पाठवलेल्या अधिकाऱ्यांचा कौल गालीकडे झुकला. परंतु सम्राट केवळ त्यांच्यावर विसंबून नव्हता. वस्त्रनिर्मितीचा राजकीय अधिकारी त्साव यिन त्याला गुप्त पत्रे धाडत असे (‘लाल महालाचे स्वप्न’ या कादंबरीचा कर्ता याच त्साव यिनचा नातू). अखेर कांग्शीने अधिकाऱ्यांचा निष्कर्ष फिरवला. गाली पदच्युत झाला, झांग बचावला आणि उपपरीक्षक झाओ जिन याला मृत्युदंड ठोठावण्यात आला.

१८५८ मध्ये बीजिंगच्या परीक्षेत तीच युक्ती पुन्हा उघडकीस आली : निबंधातील ठरलेले शब्द. या वेळी मुख्य परीक्षक होता साम्राज्याचा महासचिव बो जुन. दरबारातील त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना ही संधी हवीच होती. १८५९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.